बिनखताचा पट्टा

इंजिनियर मुज्तबानं अश्ताचा पाय हातात धरला तेव्हा कालव्याच्या बांधावर आणि शेतात मिळून चौदा माणसं उभी होती. त्यांतला एक तिचा नवरा होता.

मुज्तबाच्या मनात काही नव्हतं. संशोधन केंद्राचा माणूस, पंचविशीतला, बापाच्या वयाच्या माणसांना काका म्हणणारा. अंतर मोजायची गाठींची दोरी तो ज्या गाडीत विसरला ती गाडी दुसऱ्या गावाला निघून गेली होती, आणि पाणी उद्या सकाळी सुटणार होतं. भुईमूग आजच टोकायला हवा होता. खिशात शिंप्याकडे असते तसली फीत होती, पण एकेका भोकाला फीत लावत बसलं तर चार पट्ट्यांना चार दिवस गेले असते. तिचा नवरा तिजानी पुढे टोकणानं भोकं पाडत चालत होता आणि मागून ती दाणा टाकून पावलानं माती लोटत होती. ते बघून पोराला सुचलं. तो उकिडवा बसला आणि म्हणाला, "मावशी, जरा पाय पुढे करा."

अश्तानं केला. उजवा. त्याचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं अर्ध्यातून गेलेली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कुदळ बसली होती. मुज्तबानं टाच तळहातावर घेतली, फीत लावली आणि खूश झाला. बरोब्बर वीस सेंटिमीटर, म्हणाला. एक पाऊल म्हणजे वीस, दोन पावलं म्हणजे चाळीस. आता दोरी नको न् काही नको.

बांध हसला. शेतमालक हाजी दफाल्ला सगळ्यांत शेवटी हसला आणि सगळ्यांत जास्त वेळ.

"तिजानी," तो म्हणाला, "बायकोचा पाय सरकारी झाला रे तुझ्या. आता अंथरुणात त्याला हात लावायचा तर आधी केंद्राकडे अर्ज कर."

तिजानीही हसला. न हसून सांगतो कुणाला. पण घरी आल्यावर त्यानं तिला तो पाय राखेनं घासायला लावला, आणि ती घासत होती तोवर दारात उभा राहून बघत होता. ती घासता घासता म्हणाली की बाबा, आता कातडं निघेल. तेव्हा कुठे तो आत गेला.

शेत हाजी दफाल्लाच्या नावावर. ते त्याच्या बापाच्या नावावर होतं तेव्हापासून त्यात तिजानीचे लोक राबत होते. ह्या कालव्यांच्या मुलखात नाव एकाचं आणि पाठ दुसऱ्याची. तिजानीचा आजा पश्चिमेकडून मक्केला पायी निघाला होता. वाटेत गाठीचं संपलं म्हणून कापूस वेचायला इथे थांबला, तो थांबलाच. दोन पिढ्या ह्याच काळ्या मातीत पुरल्या गेल्या, तरी गावाच्या तोंडी ही माणसं 'पश्चिमेची'. गावाच्या विटांच्या भिंती संपल्या की मोकळं मैदान, आणि त्याच्या पलीकडे कालव्याला टेकून गवताच्या झोपड्यांची वस्ती. तिला सगळे कम्बो म्हणत. कम्बोत वीज नव्हती. तारा मात्र डोक्यावरून गेल्या होत्या.

हाजीच्या शेतातला भुईमूग निम्म्यानं व्हायचा. बी आणि पाणी हाजीचं, बाकी सगळं ह्या दोघांचं. त्या निम्म्यात अश्ता वर्ष काढायची. थोडे दाणे घाण्यावर तेलाला, थोडे कुटून भाकरीला लावायला, उरलेले देऊन ज्वारी. लेक लग्न होऊन लांब गेली होती, दोन पोटंच होती, पण पोटं दोन असली म्हणजे अर्धी होत नाहीत.

ह्या वर्षी केंद्रानं हाजीचं शेत निवडलं. चार पट्टे आखले. पहिल्या दोनांत रोपारोपांत एक पाऊल, पुढच्या दोनांत दोन पावलं. प्रत्येक जोडीतल्या एका पट्ट्याला केंद्राचं खत, दुसऱ्याला काहीच नाही. काहीच नाही म्हणजे काहीच नाही, असं मुज्तबानं दोनदा बजावलं. शेण नाही, राख नाही, कालव्याचा गाळसुद्धा नाही. खतानं किती वाढतं हे कळायचं तर बिनखताचं किती येतं ते आधी कळायला हवं.

"म्हणजे एकाला जेवू घालायचं आणि एकाला उपाशी ठेवून बघायचं," अश्ता म्हणाली.

"तसंच समजा, मावशी," मुज्तबा म्हणाला, आणि वही उघडली.

हाजीनं वाटणी तिथल्या तिथे बदलली. त्याला असल्या गोष्टींना वेळ लागत नसे. खत केंद्रानं माझ्या नावावर दिलंय, तो म्हणाला, तेव्हा खताचं ते माझं. बिनखताचं तुझं. दोन पट्टे मला, दोन तुला, निम्मं ते निम्मंच राहिलं की नाही? मुज्तबाला ह्यात काही बोलायचं नव्हतं. शेंगा मोजून झाल्या की त्या कुणी खायच्या हे केंद्राच्या कामात बसत नव्हतं. तिजानी ढेकळाकडे बघत होता. त्यानं मान हलवली. ती हो होती की नाही होती हे कुणी विचारलं नाही.

टोकणीच्या त्या दिवशी अश्ता दिवसभर टाचेला बोटं लावत चालली. नेहमीची चाल वेगळी. त्यात माणूस पाय टाकतो आणि जमीन मागे जाते. ही चाल म्हणजे एका ओळीत तीनशे वेळा थांबणं. कंबर वाकलेली, डाव्या हातात भोपळ्याचं भांडं, त्यात औषध चोळलेले लालभडक दाणे. ते खाऊ नका, मराल, असं मुज्तबानं सांगून ठेवलं होतं. बोटं लाल झाली. तहान लागली तरी ती ओंजळीनं पाणी पिईना, तिजानीनं तिला वाटीनं पाजलं. पहिल्या दोन पट्ट्यांना माती लोटून झाली तेव्हा सूर्य डोक्यावर होता आणि तुटक्या बोटांची टोकं सुजून चकचकीत झाली होती. पुढच्या दोन पट्ट्यांत दोन पावलांवर एक दाणा. तिथे ती भरभर गेली, आणि मागे वळून बघितलं तर तिला कसंसंच झालं. एवढी चांगली माती, आणि तिच्यात काही नाही.

महिन्याभरात चारही पट्टे चार जातीचे दिसायला लागले. एका पावलाचा खताचा पट्टा काळपट हिरवा, जमीन दिसेना. एका पावलाचा बिनखताचा जरा फिका, पण माती झाकलेली. दोन पावलांच्या खताच्या पट्ट्यात वेल गुडघ्याला लागे, पानं रुंद, माणसं बांधावरून जाताना थांबून बघत. आणि चौथा. दोन पावलांचा, बिनखताचा. मध्ये मध्ये माती उघडी, तिला भेगा, भेगांत गवत, आणि रोपं अशी की जणू कुणी तिथे उभं राहायची शिक्षा दिलीय. खुरपणीच्या बायकांनी त्याचं नाव पाडलं, उपाशी पट्टा. अश्ताचा पट्टा असंही म्हणत, आणि हसत.

तिनं दोन-तीन दिवस सोसलं. मग एका दुपारी घरातल्या मडक्यातलं स्वतःचं बी काढलं, साधं, लाल नसलेलं, आणि उपाशी पट्ट्यात दोन रोपांच्या मध्ये एकेक दाणा लावून टाकला. नांग्या भरतात तसा. जन्मभर तिनं तेच केलं होतं. मोकळी जागा दिसली की तिथे दाणा लावायचा. मोकळी जागा मोकळी ठेवण्यातही कुणाचं शहाणपण असतं, हे तिला अजून शिकायचं होतं. पाणी होतंच. सहाव्या दिवशी कोंब वर आले. तिजानीनं ते पाहिले. पाहिल्यासारखं मात्र केलं नाही.

मुज्तबा पंचाहत्तराव्या दिवशी रोपं मोजायला आला. फुलं होऊन गेली होती, शेंगा धरणाऱ्या आऱ्या सुटून मातीत घुसत होत्या. त्यानं एक ओळ मोजली, पुन्हा मोजली, मग बांधावर येऊन हाजीला सांगितलं की ह्या पट्ट्यात दुप्पट रोपं आहेत.

हाजीनं तिजानीला हाक मारली. तिजानी शेजारच्या तुकड्यात काही टोकत होता, तो टोकण हातात घेऊनच आला. कुणी लावली ही, असं हाजीनं विचारलं, आवाज न चढवता. तिजानीनं टोकण जमिनीत रोवलं.

"मी भोकं पाडतो, हाजी," तो म्हणाला. "दाणा बायकांच्या हातात."

अश्ता दहा पावलांवर उभी होती. तिच्या नवऱ्यानं बोट दाखवलं नव्हतं, तेवढं एक त्यानं केलं नाही. पण बोट दाखवायची गरजच राहिली नव्हती.

मुज्तबा तिच्यावर रागावला नाही. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्यानं तिला समजावून सांगितलं, शाळेतल्या पोराला सांगावं तसं, की मधली रोपं ठेवली तर दोन पावलांवर किती येतं ते कधीच कळणार नाही, तेव्हा ती काढायला लागतील. ती म्हणाली, महिनाभर थांबा, शेंगा धरल्या की मीच काढते, तुमच्यासमोर. तो म्हणाला, तोवर ती शेजारच्या रोपाच्या वाट्याचं खाऊन बसतील, मावशी. वाट्याचं, असा शब्द त्यानं वापरला. कुणाच्या वाट्याचं कोण खातं हे त्याला रोपांमध्ये बरोब्बर दिसत होतं.

मग हाजी म्हणाला की मधलं रोप कुठलं ते ओळखायला मापाचा पाय आहेच, चालू दे तिला.

ती चालली. ओळीच्या तोंडाशी टाच लावली, पुढे पाऊल, तिथे तिचं स्वतःचं रोप. वाकली, बुडाशी धरलं, ओढलं. काळी माती सुकली की रोप सुखासुखी सोडत नाही. आधी आऱ्या तुटतात, तटतट आवाज होतो, मग मूळ येतं. आऱ्यांची टोकं पांढरी होती, काही नुसती सुईसारखी, काहींना ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ धरलेली. पुन्हा पाऊल, तिथे केंद्राचं रोप, ते सोडायचं. पुन्हा पाऊल, तिथे तिचं. बांधावर हाजीनं चहा मागवला. चहा आला, मुज्तबानं घेतला नाही, म्हणाला पोट बरं नाही. तो गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला. तिजानी मागून टोपली घेऊन येत होता आणि उपटलेली रोपं त्यात भरत होता. चार टोपल्या झाल्या. एकदा तो हळूच म्हणाला, काय करणार, झोपडी पण त्याच्याच बांधाला आहे. ती म्हणाली, टोपली सरळ धर.

त्या दिवसाची उपटलेली रोपं हाजीच्या बकऱ्यांनी खाल्ली. अश्ताच्या तळहातांना चार दिवस मूठ वळत नव्हती.

पुढच्या पंधरवड्यात कम्बोत ताप आला. दर वर्षी पावसाळा सरताना येतो, कालव्याच्या कडेच्या डबक्यांतून. तिजानी आठ दिवस झोपडीत पडून होता. सकाळी थंडी, दुपारी भट्टी, संध्याकाळी घामाच्या धारा, आणि मधल्या वेळात तो छपराच्या काडीकाडीशी बोलत होता. अश्ता त्याला भरडीची पेज पाजायची आणि एकटी शेतात जायची. माती लावायचे दिवस होते. आऱ्यांवर माती ओढली नाही तर शेंगा धरत नाहीत.

उपाशी पट्ट्यात आता खरोखर काही उरलं नव्हतं. निम्मी रोपं गेली होती, उरलेल्यांची मुळं उपटताना हलली होती. ती पट्ट्याच्या तोंडाशी बसून बघत राहिली. मग घरी गेली आणि बकरीच्या गोठ्यातली तळाची लेंडी उकरली, दोन वर्षांची, काळी, भुगा झालेली. तिच्यात चुलीची राख मिसळली. भर दुपारी, जेव्हा गाव भिंतींच्या सावलीत आणि कम्बो झाडांच्या सावलीत आडवा होता आणि कालव्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, तेव्हा ती टोपली डोक्यावर घेऊन गेली. प्रत्येक रोपाच्या बुडाशी एक मूठ. वर माती ओढून घेतली. उन्हानं टोपली तापून डोक्याला चटका बसत होता, घाम डोळ्यांत जाऊन समोरचं फुटत होतं. पाच दुपारी, पाच टोपल्या. बाहेरून काही कळत नव्हतं. माती लावलेली ओळ माती लावलेल्या ओळीसारखीच दिसते.

तिनं हे कुणालाही सांगितलं नाही. आधी तिजानी तापात होता म्हणून. मग तो बरा झाला म्हणून.

काढणीला थंडी पडली होती. एक हलकं पाणी देऊन माती मऊ केली, तरी वर वेल येई आणि खाली शेंगा राहत. तिजानी कुदळीनं मुळाखालून उचकटायचा, अश्ता वेल झटकून उलटा टाकायची, शेंगा आभाळाकडे करून. आठ दिवस वाळल्यावर तोडणी. हाजीनं रोजानं कम्बोतल्या सात बायका लावल्या. चार पट्ट्यांचे चार ढीग, प्रत्येकाला रंग लावलेली काठी. मधोमध तीन वाशांना टांगलेला काटा. अश्ताला रोज नव्हता. वाटेकऱ्याची बायको, तिला रोज कसला.

त्या दिवशी सकाळी न्याहारीला कम्बोतला फकी आदम आला होता. पोरांना कुराण शिकवणारा म्हातारा, कुणाच्याही काढणीला चार शेंगा आशीर्वादाच्या म्हणून घेऊन जायचा. तो थाळीवरून उठायला लागला तसा तिजानीनं त्याचा हात धरला. अजून दोन घास खाल्ले नाहीत तर माझ्यावर तलाक, म्हणाला. फकी हसत पुन्हा बसला. तिथले पुरुष असंच बोलतात. चहा घे नाहीतर तलाक, बस जरा नाहीतर तलाक, हा बैल दहा वर्षांचा नसला तर तलाक. अश्ताला वीस वर्षांत किती वेळा चहापायी तलाक मिळता मिळता राहिला होता त्याची मोजदाद नव्हती. पाहुणे चहा घ्यायचे आणि तिचा संसार टिकायचा.

मग वजनं सुरू झाली. एका पावलाच्या खताचा ढीग सगळ्यांत जड. त्याच्या खाली एका पावलाचा बिनखताचा, फार खाली नाही. दोन पावलांच्या खताचा ढीग, ज्याचे वेल बघायला माणसं बांधावर थांबत होती, तो हलका निघाला. पानं होती, शेंगा थोड्या, आणि त्यांतल्या कितीतरी दाबल्या की चिपट होत होत्या, आत दाणा नाही. हाजीनं एक फोडून बघितली आणि टरफल थुंकल्यासारखं टाकलं.

चौथा ढीग काट्याला लावला. मुज्तबानं आकडा वाचला, काटा रिकामा करून पुन्हा लावला, पुन्हा वाचला. उपाशी पट्टा दोन पावलांच्या खताच्या पट्ट्याहून जड भरला होता. त्यानं मूठभर शेंगा हातात घेतल्या. भरलेल्या, घट्ट, हलवल्या तरी आवाज न करणाऱ्या.

अश्तानं मान वर केली नाही.  हे सगळं घरी न्यायचं. पुढच्या पावसापर्यंत पुरेल.

मुज्तबा म्हणाला की हे नवलच आहे. खरं असलं तर ह्याच्यावर लिहायला हवं. हाजी म्हणाला, कसलं नवल, ह्यात खत गेलंय. मागल्या वेळी दाणे लावले, ह्या वेळी शेण घातलं असेल. आणि खत गेलं असेल तर हा पट्टा बिनखताचा राहिला नाही. बिनखताचं तुझं असं मी म्हणालो होतो. खताचं ते माझं.

त्यानं हे सगळं शांतपणे सांगितलं आणि मग सातही बायकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे पश्चिमेचे लोक. शंभर वर्षं जेवू घातलं, तरी हात गेला तर चोरीलाच जाणार."

तिजानी तापानं निम्मा झालेला. गळ्याच्या शिरा दोरीसारख्या. तो दोन पावलं पुढे आला.

"माझ्या बायकोनं दाणे लावले ते लावले," तो म्हणाला. "खत नाही गेलं. ह्या पट्ट्यात खताची चिमूटसुद्धा गेली असेल तर माझ्यावर तलाक."

"तिजानी," अश्ता म्हणाली. "शपथा नको घेऊस."

"तलाक," तो हाजीकडे बघत म्हणाला. "तीनदा तलाक. जा, बघा उकरून."

तो असा हाजीच्या डोळ्याला डोळा देऊन आयुष्यात पहिल्यांदा उभा राहिला होता. बायकांचे हात थांबले. अश्ताला वाटलं, आता हाजी हसेल, विषय बदलेल, नेहमीसारखं. आणि हाजी हसलाही. उकरायला तो गेला नाही. गेला मुज्तबा. त्याला शपथेशी काही देणं नव्हतं, त्याला कारण हवं होतं. तो रिकाम्या पट्ट्यात बसला, खिशातला चाकू काढला, एक ढेकूळ उचललं आणि भाकरीसारखं मोडलं. मग दुसरं. दुसऱ्यात काळे गोल दाणे होते, भोवती राखेची पांढरी रेघ.

"लेंडी आहे," तो म्हणाला. त्याला बरंच वाटलं होतं, हिशेब जुळल्यावर वाटतं तसं. ढेकूळ तळहातावर घेऊन तो सगळ्यांना दाखवत परत आला आणि अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं की कुणीच बोलत नाहीये. मग तो थांबला. ढेकूळ कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

तिजानी बायकोकडे वळला.

"तू घातलंस?"

"घातलं."

"कधी?"

"तू तापात होतास तेव्हा."

"मला सांगितलं का नाहीस?"

ह्याला खोटं उत्तर द्यायला हवं होतं. राहून गेलं, विसरले, बाईमाणसाला काय कळतं, असं काहीही चाललं असतं. पण वीस वर्षं, चार टोपल्या आणि तटतट तुटलेल्या आऱ्या तिच्या घशात होत्या.

"सांगितलं असतं तर तू हाजीला सांगितलं असतंस," ती म्हणाली. "मागल्या वेळी सांगितलंसच की."

बायकांतली एक जण हसली. नुसती नाकातून. तेवढं पुरलं.

फकी आदम काठी टेकत पुढे आला. म्हातारा वाईट नव्हता. त्यानं घाई केली, कारण त्याला दिसत होतं कुठे चाललंय ते. तुला ठाऊक नव्हतं, तो तिजानीला म्हणाला, तू जे खरं समजत होतास त्यावर बोललास. आणि अशी शपथ आपली माणसं दिवसातून दहा वेळा घेतात. तुझ्या मनात बायको सोडायची नव्हती, फक्त आपलं खरं करायचं होतं. तेवढं म्हण, तीन दिवस उपास धर, आणि हिला घेऊन घरी जा. एवढं सांगून तो थांबला आणि हळू आवाजात, जवळजवळ विनवणी करत म्हणाला, "मनात नव्हतं ना, पोरा? नव्हतं म्हण."

"म्हण की," हाजी म्हणाला. "कम्बोतल्या पुरुषाची शपथ. सकाळी बकरीपण तेवढंच ओरडते."

तिजानी उभा होता. त्याला फार लांब जायचं नव्हतं. एक शब्द. अश्ता त्याच्या तोंडाकडे बघत होती, त्याच्या ओठांवर तापाच्या पुटकुळ्यांचे डाग अजून होते, त्यांना तिनंच तेल लावलं होतं. तिनं पाहिलं की तो तिच्याकडे बघत नाही, फकीकडेही नाही. त्या हसलेल्या बाईकडे बघतोय, मग हाजीकडे. तेव्हाच तिला कळलं.

"मनात होतं," तो म्हणाला.

फकीनं डोळे मिटले. मुज्तबा म्हणाला, काका, अहो, एवढ्या शेंगांसाठी. पण तो परका होता आणि त्याचं कुणी ऐकलं नाही. थोड्या वेळानं त्यानं वहीत त्या पट्ट्यावर आडवी रेघ मारली. हा पट्टा केंद्राच्या उपयोगाचा राहिला नव्हता. हाजीच्या उपयोगाचा होता. झोपडीचं काय, असं तिजानीनं विचारलं. त्याला तेवढंच विचारायचं राहिलं होतं. हाजी म्हणाला, तू राहा, तुझ्याबद्दल माझी कुठे तक्रार आहे? शपथेला जागलास. घाण होती ती तूच काढून टाकलीस.

अश्ता उठली. लुगड्याला चिकटलेला पाला झटकला. सगळ्यांना वाटलं ती आता ओरडेल किंवा कम्बोकडे चालायला लागेल. तिनं आधी कालव्याकडे बघितलं, मग ढिगाकडे. तिच्या ढिगाकडे. अजून निम्म्याच्या वर तोडायचा होता.

"हाजी," ती म्हणाली, "ह्या बायकांना दिवसाचं काय देताय?"

हाजीनं आकडा सांगितला. सवयीनं, विचार न करता.

"तेवढंच मला लावा. मी आता वाटेकऱ्याची बायको नाही. रोजानं आलेली बाई आहे."

हाजीनं तिच्याकडे नीट बघितलं. मग कपाळावर हात धरून सूर्य बघितला.

"दुपार झाली," तो म्हणाला. "अर्धाच रोज बसेल."

ती बसली. वेल पुढे ओढला आणि तोडायला लागली, दोन्ही हातांनी, तीच सवय, शेंग नखानं दाबून बुडातून फिरवायची म्हणजे देठ तुटत नाही. बाजूच्या बायकांनी जागा करून दिली. हळूहळू त्यांचेही हात चालायला लागले. शेंगा टोपलीत पडायचा आवाज पुन्हा सुरू झाला.

टोपली भरली तेव्हा पोत्याचं तोंड धरायला कुणी हवं होतं, आणि पोती हाजीची होती, तेव्हा तिजानीच धरून उभा होता. अश्ता टोपली उचलून त्याच्यासमोर गेली. ओतण्याआधी तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, परक्या पुरुषासमोर ओढतात तसा, तोंड झाकेपर्यंत. मग ओतली.